शिकवण्यासाठी सवड

मुखेड तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा घ्या. पहिली ते चौथी दोघांवर. त्यातले एक गुरुजी बीएलओ म्हणून मतदारयाद्या घेऊन निघाले की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. तेही खिचडीची चव घेऊन, तांदळाचा हिशेब लिहून, यू-डायसची माहिती भरायला रेंज शोधत फिरणार. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 अशैक्षणिक कामांना मनाई करते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका तेवढ्या वगळून. दार बंद, खिडक्या सताड उघड्या! कुणी म्हणेल, पगार घेता, सुट्ट्या भोगता, मग कुरकुर कसली? पगाराची तक्रार नाहीच. पण याच कायद्याने आठवड्याचे 45 तास ठरवले, ते तयारीसकट अध्यापनाचे. घरोघरी मतदार हुडकण्याचे नव्हेत. आता पोरांना वजाबाकी किती येते, तेही ऑनलाइन भरायचे असते. तेवढ्या वेळात कुणी वजाबाकी शिकवत बसू नये, म्हणजे झाले.