गाडी गेली, मालकी राहिली

गेल्या चैत्रात मी माझी अकरा वर्षे वापरलेली मोटार विकली, असा माझा समज होता. पैसे खात्यात जमा झाले होते, दोन्ही किल्ल्या मी स्वहस्ते सुपूर्द केल्या होत्या आणि खरीदार गृहस्थांनी चाकाखाली लिंबू चिरडून, माझ्या हातावर दोन पेढे ठेवून गाडी गल्लीबाहेर नेली होती. व्यवहार पुरा होण्यास याहून अधिक काही लागते, ही शंका मनास शिवली नाही. एकोणतीस व तीस क्रमांकांच्या नमुन्यांवर एजंटाने जेथे जेथे फुली मारली तेथे तेथे मी सही केली, आणि चेसिस क्रमांकावर कागद धरून त्याने पेन्सिलीने घासून उमटवलेला ठसा ताम्रपटाकडे पाहावे तशा आदराने पाहिला. “काका, निवांत राहा, आठवड्यात नावावर करून घेतो,” असे ते गृहस्थ म्हणाले. मी निवांत राहिलो.

आषाढात मोबाइलवर चलन आले. सोबतच्या छायाचित्रात गाडी माझी, पट्टा न लावता खिडकीबाहेर काढलेले कोपर त्या गृहस्थांचे आणि दंड माझा.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 50 तेव्हा कोठे वाचले. विकणाऱ्याने 14 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास वर्दी द्यावी, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करावा. तोवर दप्तरी ज्याचे नाव तोच मालक. चारचौघांच्या हातून फिरलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्याच माथी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली निःसंदिग्धपणे सांगून ठेवले आहे. मी तडक खिडकीशी गेलो.

“गाडी कुठंय?” कारकुनाने विचारले.

“विकली.”

“मग तुम्ही कोण?”

“मालक.”

“मग विकली कशी म्हणता?”

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते.

विम्याचे तत्त्वज्ञान तर याहूनही गहन. तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण कायद्यानेच नव्या मालकाकडे जाते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी मात्र त्याने कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आणि वर्षानुवर्षे एकही दावा न करता, बंपरवरचे ओरखडे निमूटपणे सोसून मी जमविलेली 50 टक्क्यांची नो क्लेम सवलत? ती गाडीची नव्हे, माणसाची. प्रमाणपत्र घेतल्यास 3 वर्षांपर्यंत दुसऱ्या गाडीस लावता येते. ते मी घेतलेच नाही. परिणामी माझे पुण्य गाडीत बसून गावभर हिंडत आहे आणि त्या गृहस्थांचे पाप तेवढे टपालखर्चाशिवाय माझ्याकडे येत आहे. त्यांचा दूरध्वनी ‘व्यस्त’ असतो.

वर्दीचा अर्ज मी आता दिला आहे. पोचपावती देवघरात ठेवली आहे. तरी चंदेरी रंगाची, मागच्या काचेवर माझ्या नातवाने तिरका चिकटवलेला गणपती असलेली ती गाडी कोणा वाचकास सिग्नलवर दिसल्यास, चालकास माझा नमस्कार सांगावा, आणि गाडी नावावर होईतो निदान पट्टा तरी लावावा, अशी माझी विनंती कळवावी.