सिस्टरबाई घरी का?

अहो वैनी, या की जरा भिंतीजवळ. कपडे वाळत घाला सावकाश, ऊन कुठं पळून चाललंय? तुमच्या जाऊबाई गल्लीभर सांगत फिरतायत म्हणे, आमच्या दिरांच्या थोरलीला हॉस्पिटलनं काढून टाकलं. काढलं नाही हो! तिनंच राजीनामा दिलाय. माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं सगळं. मी भाकरी थापत होते, ती रडत होती.

हॉस्पिटलचं नाव नको. मिरज आहे ही, दर दोन घरांआड दवाखाना. कुणाचा तरी पाहुणा निघायचा तिथला.

तीन वर्षं नर्सिंगचं जीएनएम करून पोरगी हौसेनं लागली. पहिल्याच दिवशी ऑफिसात मूळ सर्टिफिकेटं काढून घेतली, वर्षभर सोडायचं नाही म्हणून. नाईटला ही एकटी आणि पेशंट 22. नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबानं म्हणे साध्या वॉर्डात 5 पेशंटांमागं 1 सिस्टर पाहिजे. मला तर हसूच आलं. पण ती म्हणते, काम जड नाही गेलं काकू, माणसं जड गेली.

त्याचं असं झालं. इन्चार्ज सिस्टर म्हणाली, रात्री दोनचं नि चारचं बीपी बघायला जमलं नाही तर अंदाजानं चार्ट भरून टाक, सगळ्याच भरतात. ही म्हणाली, न बघता मी सही करणार नाही. झालं! त्या दिवसापासून हिचं नाव पडलं ‘कलेक्टरीणबाई’. ड्युटीची यादी लागली की हिची नाईट काही संपायची नाही. वीकली ऑफ आदल्या संध्याकाळी फोन करून रद्द. सकाळी हँडओव्हर द्यायला उभी राहिली की घेणारी मुद्दाम चहाला जायची, आठला सुटायची ती साडेनवाला. थर्मामीटर हरवला, कापा हिच्या पगारातून. राऊंडला डॉक्टर उभे, पेशंटचे नातेवाईक उभे, आणि सगळ्यांदेखत, ‘कुठल्या कॉलेजनं पास केलं गं तुला?’ डबा उघडला की बाकीच्या आपापले डबे घेऊन उठायच्या. वैनी, मला विचाराल तर तेच वाईट. बोलणी माणूस गिळतो, पण असा डबा घशाखाली उतरत नाही.

ती इन्चार्ज तरी काय, वीस वर्षं हेच सोसून त्या खुर्चीत बसलेली. सासुरवास भोगलेली सून सासू झाली की कशी वागते, ते मी तुम्हाला काय सांगायचं! पण म्हणून पोरीनं का सोसावं?

मेट्रनकडं लेखी अर्ज दिला की. ‘या लाईनीत कातडी जाड लागते,’ म्हणाल्या आणि अर्ज ड्रॉवरमध्ये. हिच्याआधी तिघी सोडून गेल्या त्याच वॉर्डातून. चौघींतच खोट होय?

पगार? 11,000. सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये सांगितल्यावर केंद्रानं समिती नेमली होती. तिचं म्हणणं, 50 खाटांच्या आतलं हॉस्पिटल असलं तरी सिस्टरला 20,000 च्या खाली देऊ नका. पण शिफारस ती, देतंय कोण?

सर्टिफिकेटांची तर वेगळीच कथा. दीर आणायला गेले, तर दोन महिन्यांचा पगार भरा म्हणाले. मग ही नर्सेसच्या संघटनेतल्या एका बाईंना घेऊन गेली. त्यांनी कौन्सिलचं 2011 चं परिपत्रक टेबलावर ठेवलं, बॉन्ड चालत नाही म्हणून सांगणारं. लगेच कपाटाची किल्ली सापडली बघा! अनुभवाचा दाखला मात्र अजून ‘साहेबांच्या सहीला’ आहे.

सध्या झोपा काढतेय, काढू दे. झेडपीची भरती निघाली की अर्ज करणार आहे. तुमच्या भावाला आधी कळतं ना तिथलं? कळलं की मला हाक मारा. आणि जाऊबाईंना आठवणीनं सांगा, काढलेलं नाही, सोडलीय. तारखेसकट राजीनाम्याची झेरॉक्स आहे आमच्याकडं, बघायची असेल तर या म्हणावं.