कॉक्सनशेठ, ती टेप तुमच्या फळीवर फार अडचण करत होती का?

श्री. क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड, रेकॉर्ड-निर्माते,
स्टुडिओ वन, १३ ब्रेंटफर्ड रोड, किंग्स्टन, जमेका.

कॉक्सनशेठ, स. न. वि. वि.

आपण २००४ सालीच निवर्तलात, तेव्हा उत्तराची घाई नाही. तसंही लोकांना ताटकळत ठेवण्यात आपला हात कोण धरणार!

पत्रास कारण की, १९६९ साली तीन गायक आपल्या स्टुडिओच्या दारी आले होते. बर्नार्ड कॉलिन्स आणि डोनाल्ड व लिनफर्ड हे मॅनिंग बंधू. गटाचं नाव 'द ॲबिसिनियन्स'. त्यांनी 'सात्ता मासागाना' गायलं, आपण ते टेप केलंत आणि फळीवर टाकून दिलंत. हे विकलं जाणार नाही, असा आपल्या कानाने निकाल दिला.

आणि कान तरी काय साधासुधा! अमेरिकेत शेतमजुरीला गेलेला माणूस तिथल्या रेकॉर्ड घेऊन येतो, नाचाच्या मेळाव्यांसाठी साउंड सिस्टिम थाटतो, आणि गाणं कुणाचं हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून रेकॉर्डवरची लेबलं खरवडून टाकतो. क्रिकेटही असं खेळतो की यॉर्कशरच्या ॲलेक कॉक्सनवरून टोपणनावच पडतं. बॉब मार्लीच्या मंडळींचं पहिलं मोठं यशही आपल्याच खोलीतलं. एवढ्या जाणत्या माणसाने चेंडू सोडून दिला, म्हणजे तो बाहेरच जाणार होता. दांडी गुल झाली तो दोष खेळपट्टीचा.

शिवाय गाणंही अडचणीचंच. लोक नाचायला येणार, आणि हे तिघे संथ, उदास सुरात गळ्यात गळा मिसळून देवाची स्तुती करणार. नाव इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतलं, तीही त्यांनी आपलीआपण शिकलेली. वरातीत कुणी आरती धरावी तसलाच प्रकार. त्यातून विषय रास्ताफारी पंथाचा, आणि त्या जटाधाऱ्यांना तेव्हा किंग्स्टनची प्रतिष्ठित मंडळी दारात उभं करत नव्हती. आपण तर धंदा करायला बसला होतात.

१९७१ साली त्या तिघांनी स्वतःचंच गाणं आपल्याकडून विकत घेतलं. नव्वद पौंडांना, असं सांगतात. मग 'क्लिंच' नावाचं स्वतःचं लेबल काढून त्यावर ते बाजारात आणलं. जमेकाने ते डोक्यावर घेतलं. रास्ताफारींच्या मेळाव्यांत ते स्तोत्रासारखं म्हटलं जाऊ लागलं.

तेव्हा कुठे आपल्याला जाग आली. त्याच चालीचं एक वाद्यरूप वादक जॅकी मिट्टूच्या नावावर, दुसरं वादक सेड्रिक ब्रूक्सच्या. वरातीमागून घोडं, तेही एक नाही, दोन! शब्द नाहीत, गायक नाहीत. म्हणजे हिशेब मागायला दारात कुणी उभं राहण्याचीही भीती नाही.

तरीही शेठ, मी आपला ऋणी आहे. हे गाणं आपल्याला आवडलं असतं तर केवढा घात झाला असता! आपल्या आवडत्या गाण्यांचे गायक पैशांसाठी वर्षानुवर्षं कुरकुरत राहिले. 'सात्ता' नावडतं ठरलं म्हणून वाचलं, मालकांच्या घरी गेलं. याच तिघांचं 'डिक्लरेशन ऑफ राइट्स' मात्र आपण झटकन बाजारात आणलंत. हक्कांचा जाहीरनामा, आणि तो विकायला आपण! हा विनोद आपल्याला कळला होता की नाही, याची मला खरोखरच उत्सुकता आहे.

पुढे त्या तिघांत बिनसलं. ते पाप आपल्या माथी मारत नाही. तिथे त्यांना बाहेरच्या मदतीची गरज नव्हती.

आपण गेलात त्याच्या थोडेच दिवस आधी ब्रेंटफर्ड रोडचं नाव 'स्टुडिओ वन बुलेवार्ड' झालं. मान रास्तच आहे, तिथे थट्टा नाही. पाटीवरचं नाव अजून कुणी खरवडलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक उशिराचा श्रोता

ता. क. : ते नव्वद पौंड टेपचे होते, की दोन वर्षांच्या फळीभाड्याचे, तेवढं कळवावे.