वीस लाखाचे कलदार किती?

"काकू, काका सकाळीच कुठं निघालते? कडक झब्बा घालून?"

"आज सतरा सप्टेंबर न्हाई का! झेंडावंदनाला. हा घे कढीपत्ता. वाकू नको एवढी, तार लागंल."

"आमच्या बारक्यानं सकाळी भाषण ठोकलं की शाळेत. रात्री मला इचारत होता, मुक्तिसंग्रामात आपल्या लोकांकडं तोफा किती होत्या?"

"तोफा! अगं, भरमार बंदूक मिळाली तरी खूप. नळीतून दारू ठासा, छर्रे ठासा, एक बार काढला की पुन्हा ठासत बसा. तवर समोरचा निजामाच्या बाजूचा रझाकार थांबतोय व्हय? आमचे मामंजी सांगायचे. वऱ्हाड म्हंजी तवा इंडियन युनियन, आन् आपण निजामाच्या राज्यात. पैनगंगेच्या पल्याड उमरखेडला मोठा कॅम्प. पोरं हिकडं यायची, करोडगिरीचं नाकं जाळायची, की पुन्हा पल्याड."

"पर हत्यारं आली कुठनं? सरदार पटेलांनी दिली असतील."

"उघड कशी देतील? २९ नोव्हेंबर १९४७ ला दिल्लीनं निजामासंगं 'जैसे थे' करार केलेला, वर्षभराचा. लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात. बाहेर दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ. जुळवाजुळव त्यांच्याच गळ्यात. भाषणात सगळे शौर्य शौर्य करतेत, पैशाचं कोनी काढत न्हाई. शंभर पोरं ठेवायची म्हंजी दोन टायमाच्या भाकरी, घोंगड्या, पायताणं, दवापाणी. काडतूस त्याच्यानंतर. घर चालवणाऱ्या बाईला लगेच कळंल, इतिहासवाल्यांना कळत न्हाई."

"मग?"

"मग उमरी."

"नांदेडकडची? रेल्वे थांबती ती?"

"तीच. ३० जानेवारी १९४८. तिथली हैदराबाद स्टेट बँक लुटली पोरांनी."

"अगं बाई! म्हंजी आपली एसबीएच? आमच्या सासऱ्यांची पेन्शन तिथंच यायची की, २०१७ ला स्टेट बँकेत मिळाली तवर!"

"हां, तवा ती निजामाची. वीसेक लाख निघाले म्हनतेत. नेले उमरखेडला. आन् त्याच सांजेला दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. एवढी मोठी लूट, पर दुसऱ्या दिवशी कोन बोलणार तिच्यावर?"

"वीस लाख! तवाच्या काळात तर तोफाच आल्या असत्या, काकू."

"ते समदे हाली. निजामाचा शिक्का. पल्याड चालायचा कलदार. सात हाली द्या, सहा कलदार घ्या, हा सरळ भाव. आन् लुटीचा पैसा घेऊन खिडकीत उभं कोन राहील, तूच सांग."

"थांबा, मोबाईलवर करते. वीस लाखाचे... सतरा लाख चौदा हजार."

"बघ! पावणेतीन लाखाच्या वर तिथंच गळाले."

"आन् निजामाला कुठनं मिळायचं?"

"त्याचं काय, विमानं! सिडनी कॉटन म्हणून ऑस्ट्रेलियाचा गडी, कराचीवरून उडायचा, बीदरला बंदुका उतरवायचा."

"नाव कॉटन, आन् आणायचा बंदुका?"

"आपल्या मोंढ्यात आला असता तर क्विंटलमागं कटती कापली असती त्याची."

"काकू, तुमी पन ना! मग तोफा आल्याच न्हाईत?"

"आल्या की. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौजच आली, तोफा-रणगाडे घेऊन. पाच दिवसांत निजाम शरण. म्हनून लोकांना वाटतं, सगळं फौजेनं केलं. पर नाकी जळाली, पटवाऱ्यांची दप्तरं जळाली, निजामाची वसुली अडली, ते वर्षभर कोनी केलं? ह्याच भरमारवाल्यांनी. आन् उमरीच्या पैशाचा हिशेबबी पुढाऱ्यांनी मागनं सरकारला दिला, असं मामंजी सांगायचे."

"लुटीचा हिशेब?"

"लुटीचा! आन् हितं आपल्या गल्लीत भिशी उचलून बसलेल्या बाईला तीन महिने झाले, हप्त्याचं नाव न्हाई."

"हळू बोला, गॅलरीतच उभ्या हायेत त्या."

"म्हनून तर मोठ्यानं बोलायले!"