पंधरा विभक्तींचा बाऊ

फिनिश भाषेत पंधरा विभक्ती आहेत असे ऐकले की मराठी माणूस दचकतो. घरात, घरातून, घरावरून, घराखालून, घरापाशी असा तोच दिवसभर बिनदिक्कत हिंडत असतो, याचा त्याला पत्ता नसतो. 'तालो' म्हणजे घर. 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून, 'तालोल्ला' घरापाशी. घरात शिरताना मात्र 'तालोओन' म्हणावे लागते. आपले 'घरात' बसलेल्यालाही चालते नि घुसणाऱ्यालाही. खरा फरक हिशेबनिसांचा आहे. आपल्या व्याकरणकारांनी संस्कृतच्या आठ विभक्ती प्रमाण मानल्या आणि त्यांत न मावलेल्यांची रवानगी शब्दयोगी अव्ययांत केली. फिनिश व्याकरणाने सगळ्यांना एकाच हजेरीपटावर घेतले. त्यातही 'शिवाय'वाचक आणि 'सह'वाचक विभक्ती बोलण्यात फारशा फिरकत नाहीत, आणि 2004 च्या बृहद् फिनिश व्याकरणाने कर्मविभक्तीला पुरुषवाचक सर्वनामे आणि 'कोण' एवढीच जहागीर ठेवली आहे.

कोणी म्हणेल, शब्दयोगी अव्यय म्हणजे विभक्ती नव्हे. फिनिशमध्ये विशेषणही प्रत्यय घेते. कबूल. 'इसोस्सा तालोस्सा' म्हणजे जणू 'मोठ्यात घरात'. पण आपलेही विशेषण निर्विकार कुठे राहते? 'मोठा'चे 'मोठ्या' होतेच, शिवाय मोठा, मोठी, मोठे ठरवायला लिंग विचारावे लागते. फिनिशला लिंग नाही. तो आणि ती दोघांना 'हॅन' पुरतो. मूळ शब्दच बिघडतो, 'कातू'चा, म्हणजे रस्त्याचा, 'कादुल्ला' होतो, ही तक्रार तर 'पाऊस'चे 'पावसात' करणाऱ्यांनी करूच नये.

भ्यायचेच असेल तर संख्येला न भिता अंशवाचक विभक्तीला भ्यावे. 'कार्हू' म्हणजे अस्वल. त्यावर गोळी झाडली आणि ते 'कार्हुन' असेल तर मेले. 'कार्हुआ' असेल तर गोळी झाडली एवढेच नक्की, पुढे कोण कोणामागे धावले ते प्रत्यय सांगत नाही. आपण अशा वेळी क्रियापद बदलतो, फिनिश माणूस अस्वलाचे शेपूट बदलतो. प्रेम करण्याच्या क्रियापदाला तर कायम हीच अंशवाचक विभक्ती लागते, म्हणजे व्याकरणाच्या लेखी प्रेम कधीच तडीस जात नाही. तेव्हा चौदा विभक्ती बिनघोर शिकाव्यात. पंधरावी जपून वापरावी, निदान समोर अस्वल किंवा प्रेयसी असताना.