परीटघडीचा कारभार

बीड जिल्ह्यात माणसाचा हुद्दा ओळखायचा तर त्याच्या शर्टाचा पांढरेपणा पाहावा. गेवराई तालुक्यातले उमापूरच घ्या. पावसाळ्यात पायाला शेर-शेर चिकटणारी काळी माती, कापूस आणि ऊस ही पिके, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा आणि दुष्काळी वर्षी टँकरच्या खेपांकडे लागलेले डोळे. अशा मुलखात कांजी घातलेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढराच राखणे ही साधी गोष्ट नाही. त्याला धुण्यापुरते पाणी लागते, धुणारे दुसरे कोणीतरी लागते, आणि दिवसभर माती, ग्रीस, शेण यांपैकी कशालाही हात न लावण्याची मुभा लागते. कापूस वेचणाऱ्या बाईपासून ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, दुकानदार, मुकादम, ठेकेदार आणि शेवटी पुढारी अशी ही पांढरेपणाची चढती भाजणी आहे. पुढाऱ्याच्या शर्टावर तर घामालाही परवानगीशिवाय उमटता येत नाही. हा शोध उमापुरात लागलेला नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच लिहून ठेवले आहे, की उंची पोशाखाचे मुख्य काम म्हणजे आपल्याला अंगमेहनत करावी लागत नाही, हे जगाला दाखवणे. त्याने बीड जिल्हा पाहिला नव्हता. पाहिला असता तर पुस्तक निम्म्या पानांत आटोपले असते. माझे म्हणणे त्याच्यापेक्षा थोडे पुढचे आहे. आपण ज्याला ‘कामाच्या ठिकाणी शोभेल असा पोशाख’ म्हणतो, ती बहुतेक वेळा त्या माणसाला माफ झालेल्या कामांची यादी असते; आणि सरकार जेव्हा पोशाखाचे नियम काढते तेव्हा ते हीच यादी सही-शिक्क्यानिशी जाहीर करते.

पांढऱ्याच्या खालोखाल मान आहे तो शर्ट ‘इन’ करण्याला. जिथे शर्ट बाहेर सोडायचीच रीत, तिथे इन केलेला अनोळखी माणूस रस्त्याने येताना दिसला की पारावर तर्क सुरू होतात: बँकेचा वसुलीवाला, विमा एजंट, खत कंपनीचा माणूस, बदली होऊन आलेले गुरुजी, नाहीतर मुलगी पाहायला आलेला नवरदेव. पहिल्यासाठी माणसे मागच्या दाराने निघून जातात, शेवटच्यासाठी पोहे टाकतात. १५ मार्च २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने या तर्कातली अनिश्चितता बरीच कमी केली. शिक्षकांनी फिकट रंगाचा शर्ट आणि गडद पँट घालावी, शर्ट इन करावा. शिक्षिकांनी साडी किंवा दुपट्ट्यासह सलवार-कुर्ता घालावा. जीन्स आणि टी-शर्ट नको, चित्रविचित्र नक्षी नको. त्याच्या जोडीला डॉक्टरांच्या ‘डॉ.’ आणि वकिलांच्या ‘ॲड.’सारखे शिक्षकांनी नावामागे ‘टि.’ लावावे, अशीही सोय केली. मराठी माणसाला नावामागच्या अशा अक्षराची ओळख लग्नपत्रिकेतून असते, त्यामुळे ‘टि. अमुकतमुक’ वाचल्यावर ही ‘चि.’ची छपाईतली चूक असावी असे वाटून वाचणारा आहेराचे पाकीट शोधू लागला, तर त्याला दोष देता येणार नाही. बरे, फिकट शर्ट घालायचा कुठे? खडूच्या धुळीत, पोषण आहाराच्या आमटीशेजारी आणि काळ्या मातीच्या मैदानावर. निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत हरकामी राबणारा माणूस ज्या कपड्यांत दिवसभर चालेल, वाकेल, बसेल, त्या कपड्यांचा विचार करायचा असता, तर निर्णय काढणाऱ्याने आधी शिंप्याला विचारले असते.

आता ज्या पोशाखासाठी कोणीही निर्णय काढला नाही, तो पाहा. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून माणसांनी भरलेले ट्रक-ट्रॅक्टर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यातल्या बायका साडीवर पुरुषी, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. उसाचे पान करवतीसारखे कापते, म्हणून लांब बाह्या. पाचटाचे कूस अंगात शिरतात, म्हणून गळ्यापर्यंत बटणे. ऊन आणि डोक्यावरची मोळी यांच्यासाठी कापड घट्ट गुंडाळलेले. हा शर्ट बहुधा नवऱ्याचा, त्याने वापरून सोडलेला. तो इन करण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे शालेय शिक्षण विभाग निश्चिंत राहू शकतो. कापूस वेचणारी बाई जुन्या लुगड्याची ओटी कमरेला बांधते; दोन्ही हात मोकळे राहतात आणि वेचलेला कापूस मातीत पडत नाही. ‘व्यावसायिक पोशाख’ हे शब्द कोणाला शब्दशः लागू करायचे असतील, तर ते या बायकांना. इथली प्रत्येक गाठ आणि प्रत्येक बटण कामाने ठरवले आहे. पण या पोशाखात एखादी बाई तहसील कचेरीच्या पायऱ्या चढली, तर तिला ‘बाहेर थांबा’ असे ऐकावे लागण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे सर्वांत काटेकोर व्यावसायिक पोशाख आपल्या हिशेबी गबाळा, आणि काम अडवणारा पोशाख रुबाबदार! ज्या कापसाच्या तिने ओट्या भरल्या, त्याचाच शर्ट घालून साहेब तिला बाहेर थांबवतो, हे तर वस्त्रोद्योगाच्या कोणत्याही अहवालात येत नाही.

यावर पहिला आक्षेप शिस्तीचा. गुरुजीच फाटकी जीन्स घालून आले तर पोरांनी काय शिकावे? आक्षेप अगदीच फोल नाही. पोरे गुरुजींचे अक्षर सोडून बाकी सगळे उचलतात. पण शिस्त कापडातून झिरपते यावर शासनाचा खरोखर विश्वास असता, तर २०२४ सालीच पोरांच्या गणवेशाची जी तऱ्हा झाली ती झाली नसती. ‘एक राज्य एक गणवेश’ ठरले, जूनमध्ये शाळा भरल्या, महिने गेले, तरी कित्येक शाळांत गणवेश पोचला नव्हता. पोचला तिथे मापाची बोंब. डिसेंबरात योजना गुंडाळून गणवेशाचा कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला गेला. म्हणजे त्या पावसाळ्यात इन केलेल्या शर्टातले टि. गुरुजी फळ्यापुढे आणि त्यांच्यासमोर गेल्या वर्षीच्या तोकड्या चड्डीतली मुले, असे दृश्य अनेक वर्गांत असणार. शिस्त नेमकी कोणाच्या अंगावर होती, हे ज्याने त्याने पाहावे.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आधार घेऊन येतो. कपड्यांनी मन बदलते, असे म्हणणारे एक संशोधन २०१२ साली अमेरिकेत गाजले. पांढरा कोट ‘डॉक्टरचा’ म्हणून घातला की माणसाचे लक्ष अधिक एकाग्र होते, आणि तोच कोट ‘रंगाऱ्याचा’ म्हणून घातला की होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत ते अजून चालते. पण २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी जास्त माणसे घेऊन त्या संशोधनातलाच एक प्रयोग पुन्हा केला, तेव्हा कोटाचा परिणाम काही दिसला नाही. त्याहून बोलके उदाहरण ब्रिटनचे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने २००८ पासून डॉक्टरांना रुग्ण तपासताना कोपराखाली हात उघडे ठेवायला लावले: लांब बाह्यांचा पांढरा कोट गेला, घड्याळ गेले. बाह्यांवरून जंतू फिरतात ही शंका आणि हात नीट धुता यावेत ही गरज, एवढे कारण पुरले. कामाने पोशाख ठरवला की रुबाबाला कशी मुकाट्याने वाट सोडावी लागते, ते यात दिसते. आपल्याकडे मात्र गोऱ्यांकडून आलेले ते आपण जपून ठेवतो. वकिलांच्या काळ्या कोटाबद्दल असे सांगतात, की इंग्लंडची राणी दुसरी मेरी १६९४ मध्ये वारली, तिच्या सुतकात वकिलांनी काळे घातले आणि पुढे उतरवायचे राहून गेले. खरे-खोटे इंग्रज जाणोत. पण मे महिन्यात बीडच्या न्यायालयाबाहेर वाफाळणारा कोट पाहिला की एवढे दीर्घ सुतक आपण सख्ख्या आजीचेही पाळत नाही, हे मान्य करावेच लागते. उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही, असे बार कौन्सिलचा नियम म्हणतो. तरी कोट दिसतोच, कारण बिनकोटाचा वकील पक्षकाराला अर्धी फी मागणारा वाटतो.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र थट्टा आवरती घ्यावी लागते. ज्यांना शतकानुशतके नीट कपडे घालू दिले नाहीत, त्यांना पोशाखाचे महत्त्व नाही म्हणून सांगणार कोण? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसलेच दागिने टाकून द्यायला सांगितले. खुद्द त्यांचा सूट आज गावोगावच्या पुतळ्यांच्या अंगावर आहे, आणि त्या सुटात जे सांगितले आहे ते शंभर परिपत्रकांत मावत नाही. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण ज्याला कोणी हटकत नाही त्याच्यासाठी गंमत असते, इतरांसाठी ती दाराची किल्ली असते. हे सगळे मला मान्य आहे. पण याच्या शेजारी १८८८ सालचे पुणे ठेवा. ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ भरलेल्या समारंभाला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले, आणि भरजरी मंडळींकडे पाहून हिंदुस्थान समजून घेऊ नका, असे त्यांनी त्या राजपुत्राला सुनावले. फुले कंत्राटदार होते, व्यापारी होते; चांगला अंगरखा त्यांना परवडत नव्हता असे नाही. एकाने सूट घातला, दुसऱ्याने घोंगडी पांघरली, आणि दोघांनीही तेच केले: आपल्या अंगावर काय असावे हे ठरवण्याचा दुसऱ्याचा हक्क नाकारला. जातीचे जुने नियमही शेवटी पोशाखाचे नियमच होते, फक्त त्यांना जावक क्रमांक नसे.

शासनाच्या ८ डिसेंबर २०२०च्या परिपत्रकाला जावक क्रमांक होता. मंत्रालयात आणि सरकारी कचेऱ्यांत जीन्स, टी-शर्ट नको, स्लिपर नको, भडक रंग नको, आणि शुक्रवारी खादी घाला. पोशाखाने जनमानसात प्रतिमा मलिन होते, ही त्यामागची काळजी. पुढे काही महिन्यांतच जीन्सवरची बंदी उठली. तेवढ्या काळात जीन्समुळे एखादा सातबारा अडकून पडला होता की टेरिकॉटमुळे मोकळा झाला, याची नोंद कुठे नाही. कचेरीत आलेल्या माणसाला साहेब कोण आणि शिपाई कोण हे कळायला हवे, म्हणून पोशाख हवा, असा एक शेवटचा युक्तिवाद केला जातो. पण उमापूरहून गेवराईला तहसिलात जाणारा माणूस ट्रंकेतला ठेवणीतला सदरा घालून, टोपी नीट करून जातो. कपडे कसे असावेत हे ज्याला सांगण्याची गरज नाही असा कचेरीतला तो एकटाच. त्याला हवे असते ते फक्त एक नाव: अर्ज ज्याच्याकडे दिला त्याचे. त्याचीही तरतूद शासनाने करून ठेवली आहे. ओळखपत्र छातीवर, दर्शनी भागात लावावे असे आदेश आहेत. ते बऱ्याचदा पाळलेही जातात. फक्त कार्ड दोरीला उलटे फिरलेले असते, आणि समोरच्याला वाचायला मिळते ते ‘सदर ओळखपत्र सापडल्यास कार्यालयात जमा करावे’. ओळखपत्र सापडलेले असते, कार्यालयही तेच असते. आता नेमके जमा काय करायचे, एवढे विचारायला तो पुढच्या टेबलाकडे वळतो.