सूर्य पाहाले अमेरिकेत?

पुलगावच्या माणसाने ऐन एप्रिलमध्ये ‘मी सूर्य पाहायला अमेरिकेत चाललो’ असं सांगणं म्हणजे मालवणच्या माणसाने मासळी आणायला भुसावळला निघण्यासारखं आहे. आमच्याकडे सूर्य कमी पडतो अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही. होळी झाली की तो येऊन आमच्या डोक्यावर बसतो आणि मृग लागेपर्यंत उठायचं नाव काढत नाही. त्यामुळे स्टेशनाजवळच्या टपरीवर मी ही बातमी फोडली, तेव्हा आमच्या भाऊंच्या हातातला कप तसाच राहिला.

“काहून? आपला सूर्य खराब झाला का?”

मी समजावलं. साधा सूर्य नव्हे, खग्रास ग्रहण. 8 एप्रिल 2024, डॅलस शहर, 3 मिनिटं 51 सेकंद. भाऊंनी तिकिटाचा आकडा विचारला. मी दीड लाख म्हटलं. त्यांनी मोबाइल काढून भागाकार केला.

“सेकंदाले साडेसहाशे रुपये पडते ना बापा! अन् ढग आले तं?”

“आले तर आले. पोरगा तिथेच आहे, नातवाला पाहून येऊ.”

“मंग नातवाले पाहाले चाललो म्हन ना! ग्रहन कायले मधात आनतं?”

भाऊंना काय सांगणार! चंद्राची गडद सावली पृथ्वीवरून जाते ती एका अरुंद पट्ट्यातून. त्या पट्ट्यात उभं राहिलात तर खग्रास, बाहेर राहिलात तर खंडग्रास. खंडग्रास म्हणजे लग्नाच्या मांडवाच्या दारापर्यंत जाऊन, अत्तर लावून घेऊन, न जेवता परत येणं. एकाच गावावरून ती सावली पुन्हा जायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात. तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता. 24 ऑक्टोबर 1995 ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मी पुलगावच्या गच्चीवरून अत्तर तेवढं लावून घेतलं होतं. 22 जुलै 2009 ला मात्र थेट भोपाळ गाठलं. नेमकी दिव्यांची अवस. सकाळी सकाळी मिट्ट काळोख झाला खरा, पण तो ढगांचा किती आणि चंद्राचा किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही. खग्रास सूर्यग्रहण छत्रीखालून पाहिलेला मी आमच्या जिल्ह्यातला बहुधा एकमेव माणूस असेन.

आता राहिली फोटोची गोष्ट. पुलगावचा माणूस फोटोग्राफीत मागे का, याचं एक कारण आहे. आमचं गाव दारूगोळ्याच्या डेपोसाठी ओळखलं जातं. ‘फोटो काढण्यास मनाई आहे’ या पाट्या वाचतच आम्ही अक्षरओळख पक्की केली. निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला, त्याला हातभर लांब लेन्स लावली आणि गच्चीवर उभा राहून ती सूर्याकडे रोखली, तेव्हा समोरच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडया तशाच टाकून दार लावून घेतलं. पण सराव महत्त्वाचा. सूर्याचा फोटो काढताना लेन्सवर काळा फिल्टर लावायचा असतो. खग्रास स्थिती लागली की तो काढायचा असतो आणि सूर्य बाहेर यायच्या आत परत लावायचा असतो. हे मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. पहिलंच कलम होतं : ‘फिल्टर काढणे.’

सौभाग्यवतींनी बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी पंचांग ठेवलं. डॅलसला पोचल्यावर खरा पेच तिथेच पडला. त्या दिवशी सोमवती अमावस्या, त्यात सूर्यग्रहण आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. पण डॅलसला दुपारी पावणेदोनच्या सुमाराला खग्रास स्थिती लागणार, तेव्हा पुलगावात मध्यरात्र उलटलेली. मग वेध पाळायचे की नाही? हिने रीतसर पुलगावला जाऊबाईंना फोन लावला.

“इकडे तं रात्र असनार हाये बाई, सूर्यच नाही तं वेध कायचे? ज्याले दिसन त्यानं पाळावं!”

हा निकाल हिने तिथल्या तिथे अमलात आणला. “पाहणार तुम्ही, तेव्हा वेध तुम्हाला. आम्ही कुणी बाहेर यायचं नाही.” सकाळपासून सगळं घर पोटभर जेवलं. सूर्यावर प्रेम करणारा एकटा मी उपाशी.

मुलाच्या घरामागच्या हिरवळीवर मी तिपाई ठोकून बसलो. सकाळपासून ढग. भाऊंचा चेहरा प्रत्येक ढगात दिसत होता. पण एक वाजून गेल्यावर ढग फाटायला लागले. सूर्याची भाकर चंद्राने एका बाजूने कुरतडत आणली होती. ऊन विटल्यासारखं झालं, हवेत गारवा आला, झाडांवर काळ्या पक्ष्यांची शाळा भरली. 1 वाजून 40 मिनिटांनी कुणीतरी दिव्याचं बटण बंद करावं तसा अंधार झाला. शेजारपाजारच्या अंगणांतून आरोळ्या उठल्या. मी कॅमेऱ्याचं बटण दाबत सुटलो. पडद्यावर काळं. मी सेटिंग बदललं. तरी काळं. मी लेन्स फिरवली, कॅमेरा बंद करून चालू केला, कॅमेरा बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. काळं ते काळंच. तोवर समोर हिऱ्यासारखा लखकन प्रकाश झाला, अंगणात उजेड आला आणि त्या उजेडात मला माझा पुठ्ठा वाचता आला. ‘फिल्टर काढणे.’ अंधारात वाचायच्या सूचना कागदावर लिहू नयेत, एवढं शहाणपण मला दीड लाखात मिळालं.

मागे वळून पाहिलं, तर सौभाग्यवती पायरीवर उभी. हातात रिकामी परात, डोळे पुसत होती.

“तू बाहेर?”

“सगळे ओरडले, म्हणून आले. अहो, काय ते रूप! काळाभोर वाटोळा गोळा, भोवती पांढऱ्याशुभ्र जटा आणि अगदी खाली कुंकवाचं बोट टेकवावं तसा गुलाबी ठिपका! बाजूला शुक्र. तुम्हाला नाही दिसलं?”

मी दिसलं म्हणालो. खोटं बोलायला ग्रहणात बंदी असेल, पण ग्रहण सुटलं होतं.

रात्री मुलाने माझ्या समाधानासाठी ग्रहणांच्या फोटोंचा इतिहास शोधायला घेतला. म्हणाला, “बाबा, मनाला लावून घेऊ नका. 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाचं चलच्चित्र बेकन नावाच्या पाद्र्याने बिहारमधल्या बक्सरला घेतलं होतं. परतीच्या वाटेवर ती फिल्मच चोरीला गेली.” मला जरा बरं वाटलं. माझे फोटो निदान चोरायच्या लायकीचे तरी नव्हते. पुढे तो एकदम थांबला. “बाबा, यात पुलगाव आहे!”

होतंच. त्या दिवशी सावलीचा पट्टा विजयदुर्गावरून आत शिरला होता. तिथे सर नॉर्मन लॉकियर. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला. आमच्या नदीपलीकडे तळणीला माँडर दांपत्य. आणि खुद्द पुलगावात केंब्रिजचे न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स. समुद्र ओलांडून, मुंबई इलाख्यात प्लेग चाललेला असताना, वर्णपटाच्या यंत्रांची खोकी घेऊन ही माणसं आमच्या गावी उतरली. जेमतेम दोन मिनिटांसाठी. भाऊंनी त्यांचाही भागाकार केला असता. जानेवारीचं आमचं आभाळ, ढगाचा ठिपका नाही. पुढे रॉयल सोसायटीच्या वृत्तांतात हिल्स-न्यूऑलांचा अहवाल छापून आला, मथळ्यात पुलगावच्या नावासकट. तळणीच्या दांपत्यात मात्र गाजला तो बायकोचा फोटो. अ‍ॅनी माँडर बाईंनी दीड इंचाच्या भिंगाने सूर्याच्या जटेची लाखो मैल लांब बट टिपली. हे वाचून दाखवताना मुलगा आईकडे पाहून हसला. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

परत आल्यावर मी त्या साहेबांच्या तळाची जागा शोधत आठवडाभर गावभर हिंडलो. विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ तरी आहेत. आमच्याकडे कुणाला साहेबही ठाऊक नाही आणि कट्टाही. शेवटी टपरीवर भाऊंना सगळी हकिगत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते.

“म्हंजे साहेब लंडनहून पुलगावले आला, अन् तू पुलगावहून डॅलसले गेला. मंग तुही पनजी तवा काय करत होती? ती तं नाचनगावचीच ना?”

नाचणगाव म्हणजे पुलगावला लागूनच. ग्रहण तिच्या दारात आलेलं. शनिवार, पौष अमावस्या. म्हणजे शनिअमावस्या, वर ग्रहण. आमच्या घराण्याची रीत मला माहीत आहे. पाण्यात तुळस टाकून, दाराला कडी घालून, पोरांना पोटाशी धरून ती आत बसली असणार.

“फोटो तं दाखव,” भाऊ म्हणाले.

मी मोबाइल पुढे केला. एकामागून एक, काळे कुळकुळीत फोटो. भाऊंनी ते डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, आडवे-उभे करून पाहिले.

“हे काय हाये?”

“पणजीला दिसलं ते,” मी म्हणालो, आणि दोन चहा सांगितले.